एकाच चंद्राचे दोन उपास

यंदाच्या दिवाळी फराळाला आमच्या मंडळात सगळ्यात जास्त बोलणं झालं ते एका तरुण जोडप्याबद्दल, आणि तेही ती दोघं तिथे नसताना. तो साताऱ्याचा, ती नागपूरची. नोकरीमुळे तीन वर्षांपूर्वी इंदूरला आली आणि लग्नानंतरचं पहिलं बिऱ्हाड राजेंद्रनगरात आमच्याच इमारतीत थाटलं. वरच्या मजल्यावरच्या भाभींनी यंदा तिच्या हातात मातीचा करवा ठेवला, पूजा कशी मांडायची ते सांगितलं, आणि कोजागरीनंतर चौथ्या दिवशी, उत्तरेकडच्या बायका नवऱ्यासाठी उपास करतात त्या करवा चौथीला, दोघांनीही दिवसभर उपास करून रात्री गच्चीवर चंद्र पाहिला. तिनं चाळणीतून त्याच्याकडे पाहिलं, मग त्यानं चाळणी हातात घेऊन तिच्याकडे पाहिलं. एकमेकांना पाणी पाजलं. घडलं ते एवढंच. पण फराळाच्या वेळी ‘आपली वटपौर्णिमा असताना हे परकं कशाला?’ इथून सुरू झालेलं बोलणं ‘असंच चाललं तर इंदुरात मराठी माणूस आडनावापुरता उरेल’ इथपर्यंत गेलं. बाजू घेणारेही होते. त्यांचं ऐकून मला जास्त वाईट वाटलं. ‘तरुण आहेत, हौस आहे, करू द्या चार दिवस,’ असं ते म्हणत होते. म्हणजे बचाव करणाऱ्यांनीही त्या दोघांचा दिवस पोरखेळातच जमा केला.

माझं मत स्वच्छ सांगते. त्या दोघांनी काही चुकीचं केलं नाही, आणि जे केलं ती नुसती हौस नव्हती. ज्या गावात आपला संसार सुरू झाला, त्या गावाच्या रीतीनं एकमेकांसाठी एक दिवस राखून ठेवणं हे इंदूरच्या मराठी माणसाच्या स्वभावातच आहे. मल्हारराव होळकरांच्या मागून जी माणसं माळव्यात उतरली, त्यांच्या घराघरांत हेच होत आलंय. करवा चौथीबद्दल विचारण्यासारखे अवघड प्रश्न आहेत, नाहीत असं नाही. ते प्रश्न त्या दिवशी कोणी विचारले नाहीत.

आधी पंचांग उघडून बघू. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे भाभींची कार्तिक वद्य चतुर्थी ती आपली आश्विन वद्य चतुर्थी. आणि वद्य चतुर्थी म्हणजे काय, हे मराठी घरात कोणाला सांगावं लागतं का? संकष्टी! माझे वडील आयुष्यभर संकष्टी करायचे. दिवसभर उपास, संध्याकाळी अथर्वशीर्ष, आणि मग आई गॅलरीच्या टोकाला जाऊन चंद्र उगवला का ते पाहायची. भिंतीवरच्या कॅलेंडरात मुंबईची वेळ असायची आणि इंदूरचा चंद्र त्याआधी दहा-पंधरा मिनिटं वर आलेला असायचा, म्हणून वडील कॅलेंडरावर विसंबत नसत. ‘आपला चंद्र आपण बघायचा,’ म्हणायचे. त्याच रात्री, त्याच चंद्राकडे बघून, भिंतीपलीकडच्या घरातली बाई उपास सोडत होती. ती करव्यातून अर्घ्य देत होती, आई तांब्यातून. ‘करवा’ हा शब्दही संस्कृत ‘करक’ म्हणजे पाण्याचं भांडं, त्याचाच अपभ्रंश. तिथी एक, उपास एक, सोडण्याची वेळ एक. एका घरात तो विघ्नहर्त्यासाठी, दुसऱ्यात जोडीदारासाठी. आमच्या इमारतीतल्या जोडप्यानं त्या रात्री गच्चीवरून खाली येऊन गणपतीची आरती केली आणि मग मोदक खाल्ले. ज्याला परकं म्हणायचं ते यात नेमकं कुठे सुरू होतं?

वडाचंही तसंच. आपल्या बायका ज्येष्ठ पौर्णिमेला वडाला जातात, इथल्या शेजारणी बहुतेक पंधरा दिवस आधी, अमावास्येला. पौर्णिमेला मी दोरा गुंडाळायला जाते तेव्हा बुंध्यावर त्यांचा दोरा आधीच असतो, उन्हापावसानं फिकट झालेला, आणि माझा नवा दोरा त्याच्यावरून जातो. सावित्री दोघींची, वड दोघींचा. हरतालिका तर दोघींची एकाच दिवशी. चैत्रात आपली चैत्रगौर झोपाळ्यावर बसते तेव्हा इथे गणगौर असते. त्या कैऱ्यांची डाळ खायला येतात, आपण त्यांच्याकडे गौरीची गाणी ऐकायला जातो. हे पाहत वाढलेल्या माणसाला ‘आपलं’ आणि ‘त्यांचं’ यांच्यामध्ये इतकी सरळ रेघ कशी ओढता येते, हे मला खरंच कळत नाही.

विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि तो मी मान्य करते. ते म्हणतात, हा सण श्रद्धेनं आलेला नाही, पडद्यावरून आलाय. मालिका, सिनेमे, दागिन्यांच्या जाहिराती, मेंदीची पॅकेजं यांनी तो देशभर पोचवला. पुण्यात किंवा ठाण्यात, जिथे आजूबाजूला हा सण करणारं कोणी नव्हतं, तिथे तो अचानक उगवला याचं दुसरं कारण देणं कठीण आहे, आणि तिथल्या लोकांना त्याचा राग आला तर मी समजू शकते. पण आपण इंदुरात राहतो. भाभींच्या सासूबाई घरी टीव्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून ही चौथ करत आल्या आहेत. त्यांच्या घरातला करवा कुंभारवाड्यातून यायचा, अजून येतो. ज्या गावात सण शेजारच्या भिंतीआड राहतो, त्या गावात तो पडद्यावरून आला असं म्हणणं हे पुण्यातलं भांडण उचलून इथे आणण्यासारखं आहे. त्या मुलीला हा सण जाहिरातीनं दिला नाही. तापानं फणफणली होती तेव्हा तीन दिवस खिचडी आणून देणाऱ्या बाईनं दिला.

आणि बाजार कुठल्या सणात शिरला नाही? वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मंडईत वडाच्या फांद्या तोडून विकायला येतात. घरात कुंडीत फांदी खोचून प्रदक्षिणा घालणाऱ्या बायका आपल्याच आहेत. झाड जगावं म्हणून असलेलं व्रत झाड तोडून साजरं होतं, आणि त्यावर मंडळात कधी वाद झालेला मला आठवत नाही. सण नवा किंवा मुद्दाम घडवलेला असणं हाही दोष म्हणता येणार नाही. टिळकांनी १८९३ मध्ये घरातला गणपती चौकात आणला तेव्हा ‘हे काय नवीनच?’ म्हणणारे होतेच. आज इंदुरात अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, गिरण्या बंद पडून वर्षं लोटली तरी निघतात, आणि रात्रभर रस्त्याच्या कडेला बसून त्या पाहणाऱ्या गर्दीत मराठी माणसं मूठभर असतात. गणपती त्यांचा झाला. कोणी हिंदी भाषक आजोबांनी आपल्या नातवाला ‘हे मराठ्यांचं आहे, यात नाचू नकोस’ असं म्हटल्याचं ऐकलंय का कोणी?

इंदूरचं हे देणंघेणं मोजत बसलं तर हिशेब लागायचा नाही. उत्तरेत बहुतेक ठिकाणी धुळवडीला रंग खेळून होळी आटोपते. इथे खरा रंग पाचव्या दिवशी, रंगपंचमीला, राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते तेव्हा. सकाळी पोहे खाणारं शहर म्हणून इंदूर ओळखलं जातं, पण ते पोहे आपल्या कांदेपोह्यांसारखे नाहीत. ते वाफेवर ठेवलेले, बडीशेपेच्या वासाचे, वर शेव आणि जीरावण मसाला आणि शेजारी जिलबी. ते आपले की त्यांचे? अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर आणवून वसवले, आणि त्यांच्या मागातून जी साडी आली ती आज कुठल्या एका भाषेची उरली आहे? मला स्वतःला मात्र सगळ्यात जास्त आठवते ती संजा. भाद्रपदात, पितृपक्षाच्या सोळा दिवसांत, माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणानं चित्रं काढतात, गुलबक्षीच्या फुलांनी सजवतात, रोज संध्याकाळी जमून गाणी म्हणतात. आमच्या वाड्याच्या भिंतीवर संजा मांडणाऱ्या सहा मुलींत दोन मराठी होत्या, एक मी. नवरात्र लागलं की त्याच सहाजणी आमच्याकडे भोंडल्याला पाटाभोवती फेर धरायच्या आणि खिरापत ओळखायच्या. आईला कोणी विचारलं नाही की तुमच्या मुलीला हे परकं का शिकवता. मुलीनं शेजारणीकडून संजा घेतली तर चालतं, मग सुनेनं करवा घेतला तर संस्कृती कशी बुडते?

थोडं मागे जाऊन बघा. १९२८ मध्ये सिएटलची नॅन्सी मिलर हिंदू धर्म स्वीकारून शर्मिष्ठादेवी झाली आणि तिसऱ्या तुकोजीराव होळकरांशी तिचं लग्न झालं. त्याही वेळी आपलं आणि परकं यावर केवढं वादळ उठलं होतं. आज मात्र इंदूरची मराठी घरं ती गोष्ट अभिमानानं सांगतात, की अमेरिकेतली मुलगी आली, साडी नेसली, कुंकू लावलं, इथली झाली. प्रेमासाठी माणसानं सासरच्या गावाची रीत घेतली याचं आपल्याला कौतुक वाटतं. मग तेच मोजमाप उलट्या दिशेनं का लागू होत नाही? परक्यानं आपलं घेतलं की तो आपला मोठेपणा, आणि आपल्यातल्या कोणी शेजाऱ्याचं घेतलं की तो आपला ऱ्हास, असं असेल तर त्यात संस्कृतीची काळजी किती आणि नुसता मानापमान किती, हे तपासायला हवं.

इथे मला थांबवून एक काका म्हणाले, आणि त्यांचं बोलणं माझ्या मनात राहिलं, की देवाणघेवाण बरोबरीच्या माणसांत होते; आपण इथे थोडे आहोत, ते पुष्कळ आहेत. थोडे पुष्कळांचं घेतात तेव्हा ते विरघळतात. हे खोटं नाही. माझ्या लहानपणी या शहरात मराठी माध्यमातून शिकणारी मुलं गल्लीगल्लीत होती. आज माझा नातू माझ्याशी हिंदीत बोलतो, मी मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देतो, आणि दरवेळी माझ्या पोटात तुटतं. पण ते मराठी कुठे गेलं? ते गच्चीवर चाळणीतून गळून गेलं नाही. आम्ही मुलाला शाळेत घातलं तेव्हा गेलं, जेवताना त्याच्याशी हिंदीत बोललो तेव्हा गेलं, मराठी पुस्तकांचं कपाट जागा अडवतं म्हणून रिकामं केलं तेव्हा गेलं. फराळाच्या दिवशी सगळ्यात चढ्या आवाजात संस्कृतीबद्दल बोलणाऱ्या तिघांनी त्याच बैठकीत आपापल्या नातवंडांना ‘इधर आओ, पैर छुओ’ म्हणून बोलावलं. आणि ज्या जोडप्यावर आरोप होता त्यांच्या घरात मात्र साताऱ्याची आणि नागपूरची अशी दोन मराठी रोज एकमेकांशी भांडतात. तो ‘करून राहिली’ म्हणत तिची नक्कल करतो, ती त्याच्या ‘व्हय’वर हसते. करवा चौथीची सगळी मांडामांड त्यांनी मराठीतून केली. भाषा जिवंत असली की माणूस शेजाऱ्याचा सण घरी आणून आपल्या भाषेत करतो. भाषा गेली की आपला गणपतीसुद्धा ‘गणेशजी’ होतो. तेव्हा काकांची भीती मला मान्य आहे. तिच्यासाठी पकडलेला आरोपी मला मान्य नाही.

आता ज्या आक्षेपानं मला रात्री झोप लागू दिली नाही, त्याकडे येते. तो फराळाला कोणी काढलाच नाही, माझ्या मुलीनं फोनवर काढला. बाईनं नवऱ्याच्या आयुष्यासाठी पाण्याचा थेंबही न घेता दिवस काढायचा, हे व्रत मराठी की हिंदी याला काय अर्थ आहे? दोन्हीकडे उपाशी बाईच आहे. हा आक्षेप सगळ्यात खरा आहे, कारण तो वडालाही लागू होतो आणि करव्यालाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिताना नेमकं याच जागी बोट ठेवलं होतं: सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत गेली, पण बायकोच्या प्राणांसाठी त्या वाटेवर गेलेला नवरा कोणी ऐकलाय का? त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षं झाली. प्रथा निरागस नसतात, हे इंदूरला तर कोणी सांगायलाच नको. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मल्हाररावांचे चिरंजीव खंडेराव पडले, अहिल्याबाई सती जायला निघाल्या, आणि मल्हाररावांनी सुनेला विनवून मागे फिरवलं. सतीबंदीचा कायदा यायला अजून पंचाहत्तर वर्षं होती. त्या मागे फिरल्या म्हणून माळव्याला १७६७ ते १७९५ असा तो कारभार मिळाला. आणि त्याच अहिल्याबाईंना १७९१ मध्ये स्वतःची मुलगी मुक्ताबाई सती जाताना थांबवता आली नाही. पत्नीच्या प्रेमाच्या नावाखाली त्या काळानं सगळ्यात वर ठेवलेली रीत ही होती. म्हणून ‘परंपरा आहे’ हे उत्तर मला कधीच पुरेसं वाटत नाही, ती शेजाऱ्याची असो की आपली.

पण मुलीला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. रीत मोडण्याचे दोन मार्ग असतात. एक, ती सोडून देणं, जसं अहिल्याबाईंनी केलं. ज्या रीतीत जीव जातो तिथे तोच एक मार्ग. दुसरा, ती हातात धरून तिचा अर्थ वळवणं. गच्चीवर त्या मुलानं चाळणी हातात घेतली, स्वतः उपाशी राहून बायकोकडे पाहिलं, तेव्हा ताराबाईंच्या प्रश्नाला फार लहान का होईना, एक उत्तर मिळालं. कोणी म्हणेल, ही वरवरची रंगरंगोटी आहे, एका दिवसाच्या उपासानं घरातलं ओझं बरोबरीचं होत नाही. बरोबर आहे, होत नाही. म्हणून मी त्यांच्या घराकडे त्या दिवसापुरतं पाहत नाही. तो सकाळी डबे भरतो, तिची रात्रपाळी असली की स्टँडवर घ्यायला जातो, तिचा पगार त्याच्यापेक्षा जास्त आहे हे चारचौघांत सांगताना त्याची जीभ अडखळत नाही. अशा घरात एका दिवसाचा उपास हा बाकीच्या दिवसांचा उत्सव असतो. ज्या घरात बाई वर्षभर मार खाते आणि चौथीला त्याच माणसाच्या हातून पाणी पिते, तिथे तो सण नको, आणि तिथे वटपौर्णिमाही नको. फरक घराचा आहे. आणि हो, मधुमेहाची गोळी असेल, दिवस गेले असतील, तर पाणी प्यावं, गोळी घ्यावी. भाभींनीही तिला हेच आधी विचारलं होतं.

त्या रात्री गच्चीवर आणखी एक गोष्ट झाली, जी मंडळापर्यंत पोचली नाही. तळमजल्यावरच्या काकूंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, ओटीला त्या स्वतःच मागे राहतात; आपण त्यांना राहू देतो. त्या मुलीनं पूजेचं ताट काकूंच्या हातात दिलं आणि ‘चंद्र तुम्ही आधी बघा, मग आम्ही’ म्हणाली. काकू गोंधळल्या, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडसारख्या खेड्यानं २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या. आमच्या शहरातल्या शिकलेल्या मंडळाला मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणातून ‘सुवासिनींसाठी’ हा एक शब्द काढायला अजून जमलेलं नाही. मी तीनदा सुचवलं, तीनदा ‘पुढच्या वर्षी बघू’ झालं. संस्कृती राखायची तर मला वाटतं कामाला इथून लागावं. परक्या घरातून आलेल्या सणात जिला जागा मिळाली, तिला आपल्या सणात जागा नसेल, तर आपल्या सणाबद्दल बोलताना आपला आवाज इतका चढतोच कसा?

फराळाच्या दुसऱ्या दिवशी इमारतीच्या कमिटीतल्या एकानं गच्चीला कुलूप घातलं. गच्ची अशा कार्यक्रमांसाठी नाही, म्हणाला. कोजागरीचं दूध आम्ही वर्षानुवर्षं त्याच गच्चीवर आटवतो, हे मी त्याला सांगितलं, आणि कमिटीच्या बैठकीत किल्ली मागून घेतली. ती आता माझ्या देवघराच्या खुंटीवर आहे. पुढची संकष्टी तोंडावर आलीय, थंडीही पडायला लागलीय. चंद्रोदयाच्या थोडं आधी मी वर जाऊन दार उघडणार आहे. भाभींना सांगितलंय, त्या दोघांना सांगितलंय, आणि तळमजल्यावर काकूंना सांगून आले की मोदकांची उकड त्यांच्या हातचीच हवी.